डिस्प्लेसरला सील करणं थांबवा

घरी बनवलेलं स्टर्लिंग इंजिन, म्हणजे बंद डब्यातली हवा आळीपाळीने तापवून-गार करून चालणारं इंजिन, फिरत नसलं की लोक पहिलं काम काय करतात, तर डिस्प्लेसरला (डब्यात वरखाली होणाऱ्या ठोकळ्याला) टेफ्लॉन टेप गुंडाळतात. का रे बाबा?

हवेच्या दाबाने सरकून चाक फिरवणारा पॉवर पिस्टन काय असतो ते सांगायला नको, सायकलचा पंप वापरलाय सगळ्यांनी. हवा बाहेर जाऊ द्यायची नाही आणि सहज सरकायचं, एवढंच त्याचं काम. फुग्याचं रबर चालतं, पण मी काचेची सिरिंजच घेईन, प्लास्टिकची अजिबात नाही, तिचं रबर इतकं घासतं की सगळी ताकद तिथेच संपते. आणि काचेच्या सिरिंजला तेल नका लावू प्लीज, जड होते, कोरडं ग्राफाइट पुरे.

डिस्प्लेसर मात्र पिस्टनच नाहीये. तो फक्त डब्यातली हवा गरम बुडाकडून थंड झाकणाकडे आणि परत, अशी फिरवतो. आणि ती हवा जाणार कुठून, तर त्याच्या कडेनेच ना! म्हणून चहूबाजूंनी एक-दोन मिलीमीटर फट पाहिजेच, ती बुजवली की तो हवा हलवायचं सोडून दाबायला लागतो आणि फ्लायव्हीलचा, म्हणजे फिरत्या चाकाचा, जोर खातो. फट बोटभर ठेवली तर तेही वाईट, बरीच हवा जागेवरच पडून राहते, ना नीट तापते ना गार होते. वजनाला हलका ठेवा. भरीव अॅल्युमिनियमचा ठोकळा टाकणाऱ्यांपुढे तर मी हात टेकलेत, तो जड तर असतोच वर बुडाची उष्णता झाकणाला नेऊन देतो.

या गोंधळाचं मूळ मला वाटतं स्टर्लिंगच्या अल्फा प्रकारात आहे, तिथे खरंच दोन पिस्टन असतात आणि दोन्ही घट्ट लागतात. लोक व्हिडिओ बघतात अल्फाचा आणि बनवतात गामाचा डबा, म्हणजे हाच आपला डिस्प्लेसर आणि वेगळा पॉवर पिस्टनवाला.

तुमच्याकडे काय बिघडलंय ते असं बघा. पॉवर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड सोडवा, इंजिन थंड असताना डिस्प्लेसर हाताने वरखाली करा. पिस्टन किंवा रबर जवळपास हललं नाही पाहिजे. हललं तर डिस्प्लेसर घट्ट आहे, टेप काढा. मग बूड तापवून तेच करा, आता डिस्प्लेसर वर नेला की रबर फुगायला हवं आणि खाली आणला की बसायला हवं. फुगत नसेल तर हवा लीक होतेय किंवा झाकणच तापलंय, वर बर्फ ठेवून बघा. नीट फुगत-बसत असेल तर तापवण्याच्या मागे लागू नका, दोष घर्षणात किंवा क्रँकमध्ये (दांड्यांना चाकाशी जोडणाऱ्या वाकवलेल्या तारेत) आहे. क्रँकवरचा डिस्प्लेसर आणि पिस्टनमधला 90 अंशांचा कोन उलट्या बाजूला लागला तर इंजिन फक्त उलटं फिरेल, म्हणून फ्लायव्हीलला दोन्हीकडून झटका देऊन बघा.

घर्षणाचं एवढं का, तर खोलीतली हवा साधारण 300 केल्विनला असते, डब्यातल्या हवेचं सरासरी तापमान 30 अंशांनी वाढलं तरी प्रेशर वाढतं जेमतेम 10 टक्के. एवढ्याशा जोरावर सगळं फिरवायचंय.

घट्ट पण मोकळं हे पॉवर पिस्टनचं गणित डिस्प्लेसरच्या बाबतीत एकाच जागी लागू होतं, त्याची दांडी झाकणातून बाहेर येते तिथे. तिथे सरळ तार आणि तिच्या मापाची पितळी नळी वापरा, एम-सील नळीच्या बाहेरून लावा, आत शिरलं तर दांडी कायमची जाम.