प्लॅस्टिकची गोळी काचेचं काय बिघडवणार?

बंदुका घेऊन समोरासमोरच्या सरावात वापरतात ती एअरसॉफ्टची (खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीची) गोळी प्लॅस्टिकची, तिने रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारं साधन) किंवा बंदुकीवरच्या टॉर्चची काच फुटत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. फुटते. 6 मिमी व्यासाची, 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने आली की 1 जूल ऊर्जा आणते, आणि तीही टिचभर जागेवर. काच वाकत नाही, थेट तडकते. पारदर्शक चिकटपट्टी लावणारे पुष्कळ. तिने तुकडे उडत नाहीत, एवढंच. खरा उपाय म्हणजे पुढे थोडं अंतर सोडून बसवलेली पॉलिकार्बोनेटची (चिवट पारदर्शक प्लॅस्टिकची) चकती. ती लवते, मार झेलते. ओरखडली की बदलायची. फक्त थिनरने पुसू नका, बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी पुरे.