दोन पेगने घशातला विषाणू मरतो का?

‘सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, मग दोन पेग मारले की घशातला कोरोना साफ!’ साथीत नाशिकच्या तरुणांच्या ग्रुपवरही फिरलेला हा मेसेज. तर्क वरवर पटतो, हे मान्य.

आता बाटल्यांची लेबलं वाचा. सॅनिटायझरवर ६०-७० टक्के किंवा जास्त. रम-व्हिस्कीवर बहुधा ४२.८, तेही सोडा पडण्याआधी. आपल्या नाशिकच्या वाइनवर साधारण १२ ते १४. बिअरचं तर सोडाच. शिवाय घोट क्षणात पोटात उतरतो, विषाणू मात्र नाक-घसा-फुप्फुसांच्या पेशींत शिरलेला असतो. रक्तातून तिथवर पोहोचेल म्हणावं, तर रक्तात ०.४ टक्क्याच्या आसपास अल्कोहोल झालं तरी माणूसच दगावू शकतो. उलट जास्त पिण्याने प्रतिकारशक्ती मंदावते. आणि सॅनिटायझर पिणं थेट जिवावर बेतू शकतं. भेसळीच्या मालात मिथेनॉल निघालं, तर डोळेही जातात.