नवी इलेक्ट्रिक सायकल आणि चढाचा रस्ता : आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार,

सायकल घरी नेऊन दोन-चार दिवस झाले असतील. गल्लीत चक्कर मारून झाली असेल, सात रस्ता, पार्क चौक, सिद्धेश्वर तलाव हेही झालं असेल. आता पुढचा प्रश्न बहुतेक सगळेच विचारतात : "हिच्यावरून तुळजापूरला जाता येईल का?" येईल. नक्की येईल. पण त्याआधी हे पत्रक एकदा निवांत वाचा आणि घरात ज्यांच्या हातात सायकल जाणार आहे त्यांनाही वाचायला द्या.

सोलापूर सपाट आहे. सपाट रस्त्यावर ही सायकल कशीही चालवली तरी पळते, त्यामुळे चुकीच्या सवयी लागल्या तरी कळत नाहीत. त्या कळतात घाटात. मला स्वतःला तशाच कळल्या, म्हणून आधी तेच सांगतो.

पहिली इलेक्ट्रिक सायकल दुकानात आली तेव्हा विकण्याआधी आपण चालवून बघावी म्हणून एका मंगळवारी पहाटे देवीच्या दर्शनाला निघालो. बॅटरी रात्रभर चार्ज केलेली, रस्ता मोकळा, हवा गार. थ्रॉटल (हँडलवरची मोटरची मूठ) पिळला की सायकल पळते म्हटल्यावर पायाला काम कशाला द्यायचं? रूपाभवानीच्या देवळापासून थ्रॉटल धरला तो वाटेतल्या तामलवाडीपर्यंत जवळजवळ सोडलाच नाही. तामलवाडी यायच्या आत डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या पाच रेघांतल्या तीन गेल्या. तरीही वाटलं, दोन आहेत, पुरतील. पुढे पायही मारत घाटाला लागलो, चढ सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर मोटर बंद. डिस्प्लेवर अजून एक रेघ दिसत होती. रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं थांबलो, चालू केली, पन्नास पावलं गेली, परत बंद. शेवटी पंचवीस किलोची सायकल ढकलत वर नेली. देवीचं दर्शन झालं, पण बारा वाजले.

त्या दिवशी काय झालं ते नीट समजून घ्या, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये "बॅटरी खराब आहे" ही तक्रार सगळ्यात जास्त असते आणि बहुतेक वेळा बॅटरी चांगलीच असते.

आपली बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची. म्हणजे तिच्यात ३६० वॅट-अवर वीज मावते. पूर्ण भरली की तिचा दाब ४२ व्होल्टपर्यंत असतो आणि रिकामी होत जाते तसा उतरत जातो. ३१ व्होल्टच्या आसपास आला की आतली सुरक्षेची यंत्रणा वीज तोडते, नाहीतर सेल कायमचे खराब होतील. आता मुख्य गोष्ट. मोटरवर भार आला की बॅटरीचा दाब तेवढ्यापुरता खाली बसतो. बॅटरी भरलेली असेल तर हे जाणवतही नाही. पण शेवटची रेघ असताना चढावर जोराचा भार आला की दाब एकदम खाली जातो आणि यंत्रणा वीज तोडते. भार गेला की दाब परत वर येतो, रेघ परत दिसते. नळाला पाणी आहे पण वरच्या मजल्यावर चढत नाही, तसंच हे.

सोलापूर-तुळजापूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. तुळजापूर बालाघाटच्या डोंगरावर, आपल्यापेक्षा ढोबळ मानाने दोनशे मीटर उंच. तुम्ही आणि सायकल मिळून शंभर किलो धरा. शंभर किलो वजन दोनशे मीटर वर चढवायला ५४ वॅट-अवर लागतात. मोटरमध्ये आणि वायरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर ७५ ते ८०. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीचा साधारण पाचवा हिस्सा. फार नाही! अडचण चढाईच्या खर्चाची नाहीच. अडचण ही की घाट रस्त्याच्या शेवटी येतो, तेव्हा खिसा आधीच रिकामा झालेला असतो.

नुसत्या थ्रॉटलवर सपाट रस्त्याला किलोमीटरमागे पंधरा वॅट-अवरच्या आसपास जातात. त्या हिशेबाने चोवीस-पंचवीस किलोमीटरमध्ये बॅटरी संपली. तेच असिस्ट (पॅडल मारताना मोटर किती साथ देते तो टप्पा) १ किंवा २ वर ठेवून पायाने मनापासून पॅडल मारलं तर पाच-सहा वॅट-अवरमध्ये भागतं. मग घाटाच्या पायथ्याशी बॅटरीत चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज शिल्लक असते आणि तुम्ही रुबाबात वर जाता.

"मनापासून" हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या सायकलचा सेन्सर पॅडल फिरतंय एवढंच बघतो. तुम्ही जोर किती लावताय हे त्याला कळत नाही. पाय नुसते हवेत फिरवल्यासारखे फिरवले तरी मोटर पूर्ण वीज ओढते. पॅडलला पायाचा दाब जाणवला पाहिजे, तोच गिअर योग्य समजा.

चढावर काय करायचं

चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा, म्हणजे चेन मागच्या मोठ्या चकतीवर घ्या. चढावर आल्यावर जोर लावत गिअर बदलला तर चेन कडाडते आणि दात झिजतात. मग असिस्ट ३ किंवा ४ करा आणि पाय भरभर फिरते ठेवा. वेग ताशी दहा-बारा किलोमीटर राहिला तर उत्तम.

वेग त्याच्या खाली गेला की काळजी घ्या. आपली मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागात आहे, गिअर बदलण्याचा फायदा तुमच्या पायांना मिळतो, मोटरला मिळत नाही. चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, आणि हळू फिरणारी मोटर विजेचा मोठा भाग ताकदीऐवजी उष्णतेत घालवते. थ्रॉटल पूर्ण पिळून रांगत चढ चढणं म्हणजे मोटर भाजून काढणं. घाटात मध्ये थांबाल तेव्हा मागच्या हबला बोटं लावून बघा. कोमट असेल तर काही नाही. बोट ठेववत नसेल तर दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या, मोटरलाही तेवढीच विश्रांती. चढावर थांबून परत निघायचं असेल तर थ्रॉटलने निघू नका. सायकल थोडी आडवी धरा, पॅडलने दोन फेरे मारा, मग मोटरची साथ घ्या.

खूप वजन घेऊन रोज चढ चढायचा असेल (बार्शी तालुक्यातल्या काही दूधवाल्यांनी विचारलं होतं) तर ही हब मोटरची सायकल घेऊ नका. पॅडलच्या जागी मोटर असलेल्या सायकली मिळतात, त्यात मोटरला गिअरचा फायदा मिळतो. त्या महाग आहेत आणि आम्ही ठेवत नाही, पण गरज असेल तर तीच घ्यावी असं आमचं प्रामाणिक मत.

उतार

चढापेक्षा उताराची आम्हाला जास्त काळजी वाटते. साध्या सायकलपेक्षा ही आठ-दहा किलो जड आहे आणि मोटर ताशी २५ किलोमीटरला बंद होते म्हणून वेगही तिथेच थांबेल असं काही नाही. उतारावर सायकल चाळीसच्या वर सहज जाते. शेजारून ट्रक आणि एसटी जात असतात.

दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. सतत दाबून धरू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा, परत दाबा. सतत धरलेला ब्रेक तापतो आणि तापला की पकड जाते. जळकट वास आला तर थांबाच. त्या वेळी डिस्कला (ब्रेक जिला पकडतो त्या चकतीला) हात लावू नका आणि बाटलीतलं पाणी तर मुळीच ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. नवीन ब्रेक पहिल्या दिवशी कमी धरतात, म्हणून घाटात जाण्याआधी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून पंधरा-वीस वेळा नीट ब्रेक मारून पॅड बसवून घ्या.

आणखी एक. चेनला तेल घालताना थेंब डिस्कवर गेला तर ब्रेक गेलेच समजा. तेल घालायच्या आधी डिस्कवर फडकं धरा. स्प्रेचं तेल तर वापरूच नका.

उतारावर बॅटरी चार्ज होते का, असं खूप जण विचारतात. आपल्या मोटरमध्ये होत नाही.

बॅटरी आणि आपला उन्हाळा

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ च्या वर जातो. लिथियम बॅटरीला थंडीपेक्षा ऊन जास्त मारतं. ४५ अंशांच्या वर बॅटरी चार्ज करायची नसते आणि उन्हात उभ्या सायकलची बॅटरी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. म्हणून घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. पत्र्याचं घर असेल तर उन्हाळ्यात रात्री दहाला सुद्धा खोली तापलेलीच असते. पहाटे उठून लावा आणि नऊ-दहाच्या आत काढा. दोन अँपिअरच्या चार्जरला रिकामी बॅटरी भरायला पाच-सहा तास लागतात, पण रोज पूर्ण रिकामी होते थोडीच?

चार्जिंग फरशीवर करा. चादरीवर, गादीवर, कपाटाच्या आत नको. घरातली माणसं जागी असताना करा. बाहेर जाण्याच्या दाराजवळची जागा टाळा. चार्जर आम्ही दिलेलाच वापरा. प्लग सारखाच दिसला म्हणून लॅपटॉपचा किंवा दुसऱ्या सायकलचा लावू नका. बॅटरी जोरात पडली, फुगली, वास येऊ लागला, तर उघडून बघायची नाही. मोकळ्या जागेत ठेवा आणि आम्हाला फोन करा.

महिनाभर गावी जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. रिकामी ठेवलेली बॅटरी परत येऊन चालू होईलच असं नाही.

खर्चाचं विचाराल, तर पूर्ण रिकामी बॅटरी भरायला साधारण अर्धा युनिटही लागत नाही. आलेल्या बिलाला त्यातल्या युनिटांनी भागून बघा.

काटे, पाऊस, धूळ

आपल्या भागात वेडी बाभूळ सगळीकडे आहे, तिचा काटा नवीन टायरलाही सोडत नाही. रस्त्याची कड सोडून थोडं आतून चालवा. मागचं टायर पंक्चर झालं तर चाक काढू नका. मोटरची वायर आणि वॉशर नीट परत बसवणं गावातल्या पंक्चरवाल्याला जमेलच असं नाही. टायरची एक बाजू उतरवून ट्यूब बाहेर ओढून जागेवरच पंक्चर काढता येतं, त्याला तसं सांगा. हवा ४० ते ५० पीएसआय ठेवा. कमी हवेत बॅटरी जास्त जाते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

पाऊस चालतो. साचलेल्या पाण्यातून हब बुडेल इतकं जाणं चालत नाही. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. काळ्या मातीचा चिखल चेनमध्ये वाळला की सिमेंटसारखा होतो, त्याच दिवशी ब्रशने काढा.

जून ते ऑगस्ट तुळजापूरहून परत येताना वारा बहुतेक समोरून असतो. तेव्हा परतीचा रस्ता उताराचा असूनही वीज बरीच लागते. चार्जर सोबत ठेवा. दर्शन, जेवण होईपर्यंत कुठे विनंती करून दोन तास लावला तर बॅटरीचा तिसरा हिस्सा तरी भरतो. कोजागिरीला मात्र सायकल नेऊ नका. रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, त्यांच्यात जड सायकल घालणं बरं नाही.

कायद्याचं थोडक्यात

मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे म्हणून या सायकलला नोंदणी, लायसन्स, विमा लागत नाही. बाजारात वेगाची मर्यादा उघडून देणारे भेटतील. मर्यादा काढली की ती कायद्याने मोटार वाहन होते, अपघात झाला तर सगळं तुमच्या अंगावर येतं. आमची वॉरंटीही तिथे संपते. कृपा करून करू नका. लायसन्स लागत नसलं तरी हेल्मेट घाला, विशेषतः हायवेवर.

पहिली सर्व्हिसिंग

तीनशे किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल तेव्हा या. नवीन चाकाचे स्पोक बसतात आणि सैल होतात. मागच्या चाकावर मोटरचा ओढा असल्यामुळे तिथे जास्त. सैल स्पोकवर घाट उतरणं धोक्याचं. ब्रेकची वायरही ताणून सैल झालेली असते. ही सर्व्हिसिंग फुकट आहे, तरीही निम्मे लोक येत नाहीत आणि मग स्पोक तुटल्यावर येतात.

तुळजापूरला किंवा कुठल्याही घाटाला जायचं ठरलं की आदल्या दिवशी संध्याकाळी सायकल घेऊन दुकानात या. ब्रेक, स्पोक, हवा बघून देतो, पैसे घेत नाही. येताना चार्जरही आणा, पिन सैल झाली असेल तर तेव्हाच बदलून देऊ.