चुना

चुना हे एकाच पदार्थाचे नाव नसून कॅल्शियमच्या परस्परांत रूपांतर होणाऱ्या तीन संयुगांशी ते व्यवहारात जोडले गेले आहे. चुनखडक भाजून मिळतो तो कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. त्यावर पाणी घातले की होतो तो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आणि भिंतीवर लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, तेव्हा उरते ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मूळ चुनखडकाचेच रसायन. चुन्याचे बहुतेक उपयोग या फेऱ्यातल्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर अवलंबून असतात.

चुनखडक भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजला जातो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या १०० ग्रॅममधून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. म्हणूनच भाजलेला खडा आकाराने फारसा न बदलताही हाताला हलका व सच्छिद्र लागतो. भाजणीचे तापमान फार वाढले, तर ही छिद्रे मिटत जातात आणि असा चुना पाण्याला दाद देत नाही. त्याचे कण गिलाव्यात राहिले, तर ते पुढे केव्हातरी ओल शोषून फुगतात व गिलाव्याला फोड येऊन खपल्या उडतात. अशा वेळी दोष गवंड्याला दिला जात असला, तरी त्याचे मूळ पुष्कळदा भट्टीत आणि अपुऱ्या विरवणीत असते.

चुना विरताना इतकी उष्णता बाहेर पडते, की घातलेले पाणी उकळू शकते. बेताचे पाणी घातल्यास कोरडी पांढरी भुकटी मिळते, तर जास्त पाण्यात लगदा तयार होतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात अल्प प्रमाणातच विरघळते आणि बहुतेक क्षारांच्या उलट, पाणी तापवले की त्याची विद्राव्यता घटते: २० अंशांना लिटरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम, तर १०० अंशांना जेमतेम ०.७ ग्रॅम. त्याचे स्वच्छ द्रावण म्हणजे चुन्याची निवळी. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते. वायू सोडतच राहिल्यास विद्राव्य बायकार्बोनेट तयार होऊन ती पुन्हा निवळते. चुनखडकातल्या गुहा यांतल्या दुसऱ्या विक्रियेने खडक विरघळून बनतात, तर त्यांतले लोंबते स्तंभ तीच विक्रिया उलट घडल्याने बनतात.

पाणी मऊ करण्यासाठी चुना वापरतात, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते, कारण पाण्याचा कठीणपणा मुख्यतः कॅल्शियममुळेच येतो. परंतु हिशेबाने घातलेला चुना पाण्यातील बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट करतो आणि आधीचे व नव्याने घातलेले, असे दोन्ही कॅल्शियम साक्यात खाली बसते. मात्रा चुकून जास्त झाल्यास कठीणपणा उलट वाढतो.

चुना व वाळू यांचे बांधकामातले साधे मिश्रण हवेच्या संपर्काने, बाहेरून आत असे सावकाश घट्ट होत जाते, त्यामुळे जाड भिंतीच्या गाभ्यातला चुना वर्षानुवर्षे मऊ राहू शकतो. रोमन बांधकाम करणाऱ्यांनी त्यात ज्वालामुखीची राख मिसळून पाण्याखालीही घट्ट होणारे मिश्रण साधले होते. पोलादनिर्मितीत चुना सिलिका व फॉस्फरस यांना मळीच्या रूपाने वेगळे करतो, तर आम्लधर्मी जमीन सुधारण्यासाठी तो मातीत मिसळतात. ऑक्सिजन व हायड्रोजनच्या ज्योतीत कळीचा चुना न वितळता प्रखर पांढरा प्रकाश देतो. थॉमस ड्रमंड यांनी १८२० च्या दशकात दूरवरच्या भूमापनासाठी आणि पुढे नाट्यगृहांनी रंगमंचासाठी हा प्रकाश वापरला.

कळीचा चुना ओलाव्यापासून दूर, बंद डब्यात ठेवावा लागतो. विरवताना चुन्यावर एकदम पाणी ओतण्याऐवजी भरपूर पाण्यात चुना थोडाथोडा घालणे सुरक्षित असते. निवळीचासुद्धा पीएच १२ च्या वर, म्हणजे ती तीव्र अल्कधर्मी असल्याने चुना डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी कण काढून टाकून डोळा वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावा व तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावेत.