मनोरुग्ण की ऑटिस्टिक? पोलिसाला दोन्ही सारखेच दिसतात तेव्हा

रस्त्यावर एक तरुण स्वतःशी पुटपुटत येरझाऱ्या घालतो आहे. हाक मारली तर ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, जवळ गेलं की हात झटकतो. कुणीतरी ११२ ला फोन लावतं, गस्तीची गाडी येते आणि डायरीत नोंद होते: ‘वेडसर इसम मिळून आला.’ तो स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असू शकतो, ऑटिस्टिकही (स्वमग्न) असू शकतो. लांबून दोघं सारखेच दिसतात. पण एकाला शांत करणारी वागणूक दुसऱ्याला आणखी बिथरवते. म्हणूनच पोलीस प्रशिक्षणात ‘मानसिक रुग्णांशी कसे वागावे’ अशी एकच तासिका ठेवून दोन्ही विषय उरकले, तर त्यात ऑटिझम गाडला जातो.

स्किझोफ्रेनियासारखा आजार साधारण विशीच्या आसपास डोकं वर काढतो. तोवर माणूस चारचौघांसारखा शाळा-कॉलेजात वावरलेला असतो. मग कानात आवाज येऊ लागतात, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असा संशय बळावतो. औषधं चालू असली की बऱ्याच जणांचं ठीक चालतं, सुटली की पुन्हा बिघडतं. ऑटिझमचं तसं नाही. ती मेंदूची जन्मापासूनची घडण आहे. तिच्या खुणा बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात आणि ती आयुष्यभर राहते. इथे भासांचा प्रश्न नसतो. जे खरोखर आहे तेच अनेकांना फार जोरात ऐकू येतं, फार लख्ख दिसतं, अंगाला फार बोचतं. सायरन, फिरता लाल-निळा दिवा, वायरलेसची खरखर आणि चार अनोळखी माणसांचा गराडा, म्हणजे पोलीस नुसते हजर झाले तरी अशा माणसावर सगळीकडून मारा सुरू होतो. (एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. चिंता आणि नैराश्य तर ऑटिस्टिक लोकांत बरंच आढळतं. पण ते डॉक्टरांनी पाहायचं.)

फरक सर्वांत ठळक दिसतो तो बोलण्यात. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात मानसिक आजार असलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीबारात मेला. त्यावरून झालेल्या गदारोळातून १९८८ मध्ये तिथे ‘क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम’ (अशा प्रसंगांसाठी खास तयार केलेली पोलिसांची तुकडी) उभी राहिली. तिचं ४० तासांचं प्रशिक्षण पुढे जगभर नावाजलं गेलं. त्याचा गाभा असा: आवाज खाली ठेवा, बोलत राहा, समोरच्याला बोलतं करा, त्याच्या भासांवरून वाद घालू नका आणि ‘हो, मलाही दिसतंय’ असं खोटंही सांगू नका. मनोरुग्णासाठी हे अगदी योग्य आहे. ऑटिस्टिक माणसापुढे मात्र हेच प्रेमळ, न थांबणारं बोलणं म्हणजे आणखी एक आवाज. त्याला एका वेळी एकच छोटं वाक्य हवं, आणि मग गप्प बसणारा पोलीस. उत्तर यायला दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. तेवढ्यात प्रश्न बदलून पुन्हा विचारला, की त्याच्या डोक्यातली जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू.

शिवाय शब्दाचा तो शब्दशः अर्थ घेतो. ‘तो कुठे गेला ते माहिती आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर येतं आणि पुढे शांतता. हवालदाराला वाटतं, मस्ती करतोय. खरं तर विचारलं तेवढ्याचं उत्तर मिळालेलं असतं. याहून धोक्याचं म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणण्याची काहींची सवय. ‘मोबाईल तू घेतलास?’ ‘मोबाईल तू घेतलास.’ ठाण्यात बसवून पाच वेळा विचारलं तर पाच वेळा हेच येईल, आणि घाईत लिहिणारा अंमलदार त्याला कबुली समजेल. नजर टाळणं, अडखळणं, एकाच सुरात बोलणं या ज्या गोष्टींवरून पोलीस ‘हा काहीतरी लपवतोय’ असं ताडायला शिकतात, नेमक्या त्याच इथे रोजच्या असतात.

आता स्पर्श. खांद्यावर हात ठेवून ‘चल बाबा’ म्हणणं आपल्याकडे आपुलकीचं. लंडनच्या ॲक्टन भागात सप्टेंबर २००८ मध्ये एका जलतरण तलावाच्या काठावर १६ वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा पाण्याकडे टक लावून उभा राहिला. त्याला बोलता येत नव्हतं, अपस्माराचाही त्रास होता आणि अंगाला हात लावलेला खपत नसे. तो कुणाला त्रास देत नव्हता, फक्त हलत नव्हता. शाळेचे मदतनीस सोबतच होते. तलावाच्या कर्मचाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. पोलीस आले आणि मदतनिसांकडून नीट माहिती न घेताच एकाने त्याच्या पाठीला हात लावला. मुलाने कपड्यांसकट पाण्यात उडी घेतली. त्याला बाहेर ओढून काढलं, अनेकांनी मिळून दाबून धरलं, हातात बेड्या आणि पायांना पट्टे घातले आणि तशाच ओल्या अंगाने पोलीस व्हॅनच्या पिंजऱ्यात बसवलं. न्यायालयाने २८,२५० पौंडांची भरपाई दिली. त्यावर पोलीस अपिलात गेले, पण २०१३ मध्ये ते फेटाळलं गेलं. दुष्ट हेतू कुणाचाच नव्हता. तरीही ही वागणूक अमानुष किंवा मानहानीकारक या व्याख्येत बसणारी ठरली. या एका निकालावर अर्धा दिवस चर्चा घडवणारं प्रशिक्षण दहा व्याख्यानांपेक्षा कामाचं, असं माझं मत आहे.

हात फडफडवणं, दोरी बोटांत फिरवत राहणं, डुलणं याला स्टिमिंग म्हणतात. त्याने ऑटिस्टिक माणूस स्वतःला सावरतो. २०१७ मध्ये ॲरिझोनातल्या बकाय गावी बागेत दोरीशी चाळा करणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाला पोलिसाने नशेत समजून जमिनीवर दाबून धरलं. मुलगा सांगत होता की मी स्टिमिंग करतोय. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, पण तो पोलीस नशेची लक्षणं ओळखण्याचं खास प्रशिक्षण घेतलेला होता. मनोरुग्णाच्या हातवाऱ्यांमागे भास असेल तर त्याबद्दल हळूच विचारता येतं. इथे विचारायचं काही नसतं आणि थांबवायचं तर मुळीच नसतं. चालू दे म्हणायचं आणि दोन पावलं मागे राहायचं.

आपल्या कायद्यातही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम बौद्धिक दिव्यांगत्वाच्या गटात येतो आणि मानसिक आजाराचा गट वेगळा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १०० पोलिसांसाठी आहे: स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मानसिक आजारी व्यक्ती भटकताना आढळली तर तिला संरक्षणात घ्या, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्या, कोठडीत ठेवू नका. चांगलं कलम आहे. पण ऑटिस्टिक मुलाला त्याच वाटेने पाठवलं, तर सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत तो अधिकच कोलमडतो. त्याला हवं असतं घरचं माणूस आणि शांत कोपरा. म्हणून आधी खिसा-गळा पाहावा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा पालकांचा नंबर आहे का. तोही खिशात थेट हात न घालता, सांगून.

जबाबासाठीही तरतुदी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग साक्षीदाराला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. लैंगिक गुन्ह्यात पीडित व्यक्ती दिव्यांग असेल, तर कलम १७३ प्रमाणे तक्रार तिच्या घरी किंवा सोयीच्या जागी, विशेष शिक्षक वा दुभाष्यासमोर नोंदवायची आणि चित्रीकरण करायचं. आणि २०१६ च्या कायद्याचं कलम ४७ तर पोलिसांच्या सर्व प्रशिक्षणक्रमांत दिव्यांगांचे हक्क शिकवायला सांगतंच. हक्कांचं व्याख्यान नाशिकच्या पोलीस प्रबोधिनीतही देता येईल. पण पंधरा सेकंद गप्प कसं बसायचं, हे एखाद्या ऑटिस्टिक प्रौढासमोर बसल्याशिवाय शिपायाला कळणार नाही. मेम्फिसच्या प्रशिक्षणात मानसिक आजाराचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही शिकवायला असतात. ती रीत मात्र जशीच्या तशी उचलावी.

हरवलेल्यांच्या शोधातही फरक आहे. संशयाने पळालेला मनोरुग्ण माणसं टाळतो, लपतो. ऑटिस्टिक मुलं बऱ्याचदा पाण्याकडे ओढली जातात, आणि अशा भरकटण्यात होणाऱ्या मृत्यूंचं अमेरिकेत आढळलेलं प्रमुख कारण बुडणं हे आहे. म्हणून बसस्टँड नंतर, आधी विहीर, शेततळं, नदीचा घाट, सोसायटीचा तलाव. नाव घेऊन हाका मारल्या तरी तो ओ देईलच असं नाही.

पालकांनीही ११२ वर ‘मुलगा हिंसक झालाय’ एवढंच सांगू नये, कारण येणारी गाडी मग त्याच तयारीने येते. सांगायचं ते असं: मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही, हत्यार नाही, हातात निळी दोरी आहे ती काढून घेऊ नका, अंगाला हात लावू नका, सायरन गल्लीच्या तोंडाशीच बंद करा.