तिकांड्याखालचा धूसर ठिपका

ज्वारी हुरड्यात आली की रात्रीच्या जागलीला घड्याळ लागत नसे. "तिकांडं डोक्यावर आलं, अर्धी रात्र सरली," असं आमचा आजा माळ्यावर पडल्या पडल्या सांगायचा. तिकांडं म्हणजे मृग नक्षत्रातले एका रेषेतले तीन तारे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मृग माहीत असतो तो जूनचा, पेरणीचा. तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिसत नाही. दिसतं पौषात, थंडीत, रात्रभर. तिकांड्याच्या खाली ताऱ्यांची एक छोटी ओळ लोंबते. तिच्यातला मधला ठिपका टक लावून पाहिला तर तारा वाटत नाही. कंदिलाच्या काजळलेल्या काचेतून ज्योत दिसावी, तसा तो पुसट दिसतो.

तो तेजोमेघ आहे, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, आणि तिथे आजही तारे जन्मत आहेत.

हे कळायला माणसाला जवळपास चारशे वर्षं लागली. 1610 साली फ्रान्समधल्या पेरेस्क यांनी दुर्बिणीतून तो पाहिला. 1656 साली हायगेन्स यांनी त्याचं चित्र काढलं. मेसिए यांनी केलेल्या आकाशातल्या धूसर ठिपक्यांच्या यादीत त्याला 42 वा क्रमांक मिळाला. पण तो ताऱ्यांचा दाट पुंजका की खरोखरचा ढग, हा वाद सुटेना. तो सोडवला विल्यम हगिन्स यांनी. 1864 साली त्यांनी दुसऱ्या एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. अशा रेषा विरळ, तापलेला वायूच देतो. लवकरच मृगातल्या मेघाबद्दलही हेच सिद्ध झालं. मला या साऱ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. 1880 साली हेन्री ड्रेपर यांनी त्याचा पहिला फोटो घेतला.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, हैदराबादला, 1901 साली नवाब जफर जंग यांनी वेधशाळा उभारली. पॅरिसहून सुरू झालेल्या, सगळं आकाश फोटोंत मांडण्याच्या जागतिक कामात दक्षिण आकाशाचा एक पट्टा तिच्या वाट्याला आला होता. हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

पुढची झेप अवकाशातून झाली. 1990 साली सोडलेल्या हबल दुर्बिणीने मृगाच्या मेघात नवजात ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या दाखवल्या. ग्रह बनतात ते अशाच चकत्यांमधून. 2021 च्या नाताळात निघालेली जेम्स वेब दुर्बीण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहते. तो धुळीतून आरपार येतो, म्हणून पडद्याआडची बाळं आता उघडी दिसतात. हा मेघ सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायचं होतं.

आणि हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने 2023 साली त्यासाठी 2,600 कोटी रुपयांना मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात असतील. अशाच मेघांत जन्मलेले जड तारे मेल्यावर कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे होतात. त्यांची जोडी एकमेकांवर आदळली की अवकाशात याच लहरी उठतात. औंढ्याला त्या टिपायच्या आहेत.

तिकांड्याखालचा मेघ उजळवणाऱ्या चार तरुण ताऱ्यांतला सर्वांत जड तारा सूर्याच्या तीसपटीहून जड आहे. त्याचाही शेवट बहुधा स्फोटात होईल. वय मात्र सध्या फक्त काही लाख वर्षं.