हरिण-भुंगेरे : शरीरलक्षणांवरून जातींची ओळख

हरिण-भुंगेरे (स्टॅग बीटल) हे कोलिऑप्टेरा गणाच्या लुकॅनिडी कुलातील कीटक असून जगभरात त्यांच्या १,२०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. या कुलाची स्थापना पिएर लात्रेय यांनी १८०४ मध्ये केली. बहुतेक जातींतील नरांचे जबडे पुढे वाढून सांबराच्या शिंगांसारखे दिसतात. भारतात या कुलाची विविधता हिमालय, ईशान्येकडील डोंगराळ प्रदेश आणि पश्चिम घाट येथे सर्वाधिक असून विदर्भाच्या शुष्क पानझडी जंगलांत ती कमी आहे. कुजक्या लाकडावर जगणारे हे कीटक विदर्भात शोधायचे, तर मेळघाट, नवेगाव-नागझिरा किंवा गडचिरोलीच्या जंगलालगत, साग, ऐन, मोह यांची जुनी पडलेली खोडे जिथे अद्याप सरपणासाठी उचललेली नाहीत, अशा जागा पाहाव्या लागतात.

ओळखीची सुरुवात जबड्यांपासून न करता शृंगिकांपासून (डोक्यावरील स्पर्शिकांपासून) करावी. दहापट मोठे करून दाखवणाऱ्या साध्या भिंगाखाली शृंगिका पाहिली असता तिचा पहिला खंड लांब व सरळ दिसतो, त्याच्या टोकाशी ती कोपरातून वाकावी तशी एकदम वळते आणि शेवटचे काही खंड एकाच बाजूला पसरून कंगव्याच्या दातांसारखे उभे राहतात. हे दात मिटत नाहीत, आणि हीच खूण निर्णायक आहे. शेणकिडे, गेंडा भुंगेरे व हुमणीचे प्रौढ भुंगेरे यांच्या शृंगिकांच्या टोकाशी पात्या असतात. त्या एकमेकींवर घट्ट मिटून त्यांची गोळीसारखी गदा बनते. दातांची संख्याही उपयोगी पडते. अनेक प्रजातींत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत) ते तीन असतात, तर दक्षिण भारतातील हेक्झार्थ्रियस डेव्हिसोनी ज्या प्रजातीत मोडतो, तिच्यात सहा असतात.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर गावातील पथदिव्याखाली किंवा अंगणातल्या बल्बभोवती जे मोठ्या जबड्यांचे भुंगेरे येऊन पडतात, त्यांतील पुष्कळसे हरिण-भुंगेरे नसतात. सर्वाधिक गल्लत होते ती ॲकॅन्थोफोरस प्रजातीच्या लांबशिंगी भुंगेऱ्याशी. तो मोठा, तपकिरी असून नराचे जबडे खरोखरच भरभक्कम असतात. परंतु त्याच्या शृंगिका लांब, करवतीसारख्या दातेरी व कोपर नसलेल्या असतात, अग्रवक्षाच्या (छातीच्या पुढच्या भागाच्या) दोन्ही बाजूंना टोकदार काटे असतात आणि पावलाचे चारच खंड सहज मोजता येतात. हरिण-भुंगेऱ्याच्या प्रत्येक पावलात पाच खंड स्पष्ट दिसतात. दुसरा फसवा कीटक म्हणजे काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला, जमिनीवर वेगाने धावणारा अँथिया सेक्सगुटाटा. त्याच्या शृंगिका दोऱ्यासारख्या सरळ असतात आणि डिवचल्यास तो दाहक द्रव फवारतो, म्हणून तो हाती धरून तोंडाजवळ नेऊ नये. गेंडा भुंगेऱ्याचे शिंग हे डोक्याच्या कवचाचा उंचवटा असते, जबडा नव्हे. ओल्या जंगलांतील कुजक्या ओंडक्यांत राहणारे पॅसॅलिडी कुलातील चपटे, चकचकीत काळे भुंगेरे मात्र दिसायला बरेच जवळचे असतात. त्यांच्या शृंगिका वळतात, पण कोपरात मोडत नाहीत, आणि पंखकवचांवर खोल समांतर चर असतात.

कुल निश्चित झाल्यावरही जबड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण एकाच जातीच्या नरांत त्यांचा आकार विलक्षण बदलतो. अळीला मिळालेल्या अन्नावर प्रौढाचे आकारमान ठरते, आणि शरीर जितके मोठे, त्या प्रमाणापेक्षा जबडे अधिक वाढतात. प्रोसोपोकॉइलस जिराफा ही जगातील सर्वांत लांब हरिण-भुंगेऱ्यांची जात भारतात आढळते. तिच्या मोठ्या नराची लांबी जबड्यांसह ११० मिमीपेक्षा जास्त भरते व जबड्यांना ठळक, मोठे दात असतात; त्याच जातीच्या लहान नराचे जबडे आखूड असून आतल्या कडेला फक्त बारीक दात असतात. ओडोंटोलॅबिस प्रजातीत तर नरांची वेगवेगळी रूपे इतकी भिन्न दिसतात की त्यांना एका जातीत बसवणे नवख्याला पटत नाही. पूर्वीच्या अभ्यासकांनी लहान नरांना स्वतंत्र जातींची नावे दिल्याची उदाहरणे या कुलात अनेक आहेत. म्हणून ‘जबडा असा, म्हणजे जात अमुक’ हा निष्कर्ष एका नमुन्यावरून काढणे, मग छायाचित्र कितीही चांगले असो, अशास्त्रीय ठरते.

शरीराच्या आकारमानाबरोबर कमी बदलणारी लक्षणे अधिक भरवशाची असतात. डोळ्यावर समोरून येणारी कवचाची कड हे त्यांपैकी महत्त्वाचे. काही प्रजातींत ती संयुक्त डोळ्याच्या अर्ध्यापर्यंत येते, तर काहींत डोळ्याचे वरचा व खालचा असे पूर्ण दोन भाग करते. मधल्या व मागच्या पायांच्या नडगीवर बाहेरच्या बाजूने काटे आहेत का, आणि असल्यास किती, हे प्रत्येक पायावर मोजावे. एगस प्रजातीच्या पंखकवचांवर खळग्यांच्या ठळक ओळी असतात. रंग दुय्यम समजावा. कोषातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा तांबूस असतो व नंतर गडद होतो, अंगावरची बारीक लव वापराने झिजते; मात्र ओडोंटोलॅबिस कुवेराच्या काळ्या पंखकवचांच्या कडेचा पिवळसर पट्टा यांसारखे ठरीव रंगविभाजन उपयोगी पडते.

माद्यांची ओळख अधिक कठीण असते. त्यांचे जबडे आखूड पण मजबूत असतात आणि अंडी घालण्यासाठी लाकूड वा माती उकरावी लागत असल्याने पुढच्या नडग्या रुंद असतात. डोक्यावरील खळग्यांची दाटी, नडगीचे दात आणि छातीखालची लव यांवरून प्रजातीपर्यंत पोहोचता येते. जवळच्या जातींचा अंतिम निर्णय नराच्या जननेंद्रियांची रचना पाहून किंवा डीएनए चाचणीनेच होतो.

अळीची ओळख शेतकऱ्यांच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे, कारण ओंडका फोडताना निघालेली पांढरी, वाकडी अळी हुमणी समजून चिरडली जाते. हुमणी जिवंत मुळे खाते आणि वावरातील मातीत सापडते; गेंडा भुंगेऱ्याची अळी बहुधा उकिरड्यातील शेणखतात असते; हरिण-भुंगेऱ्याची अळी कुजके लाकूड खाते व पिकाला अपाय करत नाही. अळी पालथी करून शेपटाकडचा भाग पाहिल्यास गुदद्वाराची फट दोन मांसल गाद्यांच्या मधून उभी गेलेली दिसते. हुमणीत ती कोनात दुमडलेली किंवा तीन फाट्यांची, तर गेंडा भुंगेऱ्याच्या अळीत आडवी असते. हुमणीच्या पाठीवर प्रत्येक खंडावर आडव्या वळ्या असतात, हरिण-भुंगेऱ्याच्या अळीची पाठ त्या मानाने सपाट असते. मधल्या व मागच्या पायांवरील खरखरीत भाग एकमेकांवर घासून ही अळी आवाजही करते.

नोंद करताना वरून, खालून व बाजूने अशी छायाचित्रे मोजपट्टीसह घ्यावीत, लांबी जबड्यांसह व जबड्यांशिवाय अशी दोन्ही लिहावी, आणि तारीख, गाव व लाकूड कोणत्या झाडाचे होते हे नमूद करावे. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून नमुना उचलण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी आवश्यक असते.